सोमवारची कवळी

कट्टा गावातला माझा दातांचा दवाखाना बंद करताना मी सामानाची यादी केली. खुर्ची आणि कॉम्प्रेसर कणकवलीच्या एका तरुण डॉक्टरने नेले. प्लास्टरचे साचे फेकून दिले. रुग्णांची कार्डे दोन पोत्यांत भरली. शेवटी एक वस्तू उरली, ती कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. चहाची स्टीलची गाळणी. एकतीस वर्षांत तिने चहा एकदाही गाळला नव्हता.

गाळणीचे काम वेगळे होते. कवळी बसवून महिना झाला की मी रुग्णाला पाच भाजलेले शेंगदाणे देत असे. वीस वेळा चावायचे, गिळायचे नाही, वाटीत काढायचे. वाटीतले गाळणीत ओतून वरून पाणी सोडायचे. बारीक झालेले खाली जाते, न झालेले वर राहते. स्वतःचे दात असलेल्या माणसाच्या गाळणीत फार थोडे उरते. कवळीवाल्याच्या गाळणीत पहिल्या महिन्यात अर्धे अर्धे दाणे दिसतात. पुढच्या खेपेला पाव. तिथेच ते थांबते. कवळी कितीही चांगली बसली तरी गाळणी रिकामी होत नाही. हे मी प्रत्येकाला आधी सांगत असे आणि कोणालाही ते पटत नसे.

कारण साधे आहे. खरा दात हाडात रोवलेला असतो. कवळी हिरडीवर नुसती ठेवलेली असते. वरची कवळी टाळू झाकते आणि थुंकीच्या ओलाव्याने वर चिकटून राहते. खालच्या कवळीला तीही सोय नाही. ती घोड्याच्या नालासारखी, मध्ये जीभ, आणि जीभ गप्प बसत नाही. पुढच्या दातांनी आंबा तोडायला गेलात की मागची बाजू उचलते. एका बाजूने चावलेत तर दुसरी बाजू सुटते. म्हणून घास लहान करायचा, दोन भाग करून दोन्ही गालांकडे ठेवायचा आणि सरळ वरून खाली दाबायचा. माणूस साठ-सत्तर वर्षे जे न शिकता करत आला ते त्याला पुन्हा शिकावे लागते, आणि ज्या वयात ते शिकायचे त्या वयात कोणाला काही शिकायची इच्छा नसते.

दवाखाना एसटी थांब्यासमोर होता. खाली काजूच्या व्यापाऱ्याचे दुकान, वर मी. गावांतून येणारे लोक आधी खाली काजूची बी विकत, मग वर येऊन दात दाखवत. सुरुवातीची काही वर्षे महिन्यातून दोनदा शिरोड्यालाही जात होतो, एका मित्राच्या जागेत बसत होतो. तिथले एक कार्ड आवरताना हाती लागले. तातू, बोटीवर खानसामा म्हणून नोकरी करून परतलेले गृहस्थ. हे कार्ड मी फेकले नाही. कारण सांगतो.

तातूंची कवळी माझ्या पहिल्या दहा-बारा कवळ्यांपैकी. बसली उत्तम. महिन्याने ते आले तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून शर्टाच्या खिशातून ती काढली, तोंडात घातली आणि मग आत आले. मी ते खिडकीतून पाहिले होते.

"तातू, जेवताना घालतास मा?"

"जेवताना काढतंय. जेवण झाला की घालतंय."

"अहो, ती जेवणासाठीच दिलेली आहे."

"शोभेक बरी आसा, डॉक्टरांनू. कोण इलो-गेलो तर."

शेंगदाणे दिले. ते त्यांनी खिशात टाकले, नातवाला देतो म्हणाले. मला राग आला. कार्डावर लिहिले: 'रुग्ण सहकार्य करत नाही.' त्या काळात हे वाक्य मी पुष्कळ कार्डांवर लिहिले आहे. शाई वाळली की पुढचा रुग्ण. तातू पुन्हा आले नाहीत. ते कशामुळे काढून जेवत होते हे मी विचारले नव्हते. विचारायचे असते हेच मला माहीत नव्हते.

ते ज्यांनी शिकवले त्या सत्यभामाकाकी. भामाकाकी म्हणून सगळे ओळखत. कट्ट्यापासून चार किलोमीटर आत त्यांचे घर. भात, काजूची बाग, थोडे आंबे. मुलगा सुहास वीजजोडणीची कामे करतो, सून वैशाली अंगणवाडीत आहे. काकी पहिल्यांदा आल्या तेव्हा वय चौऱ्याहत्तर, तोंडात एकही दात नाही, आणि हातात कुडाळच्या सर्जनांची चिठ्ठी.

चिठ्ठीत लिहिले होते ते असे. पोटाला हर्निया आहे, वाढतो आहे, ऑपरेशन करायला हवे. पण वजन छत्तीस किलो आणि अंगात रक्त कमी. या प्रकृतीत भूल द्यायची त्यांची तयारी नव्हती. वजन चाळीसपर्यंत आणा, खाणे सुधारा, मग या. दरम्यान आतडे अडकले तर धावपळीत ऑपरेशन करावे लागेल आणि ते या वयात निभावेलच असे सांगता येत नाही. म्हणजे चार किलोंचा प्रश्न होता आणि तो माझ्याकडे पाठवला होता.

"काय जेवतास, काकी?" मी विचारले.

"पेज. आनि काय जेवतलंय? दात खंय आसत?"

"माशे?"

"कडी घेतंय भातावर."

सुहास मागून म्हणाला, "डॉक्टर, पूर्वी एका वेळेक तीन बांगडे खाई ही. आता कडीतलो मासो आमच्या ताटात घालता आनि पाणी ओरपता."

"गप रे," काकी म्हणाल्या. "माझे बांगडे मोजीत होतस?"

आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाचे बळ माशावर असते. डाळी असतात, पण रोजच्या जेवणात अंगाला लागणारी वस्तू म्हणजे मासा. तो गेला की पेज उरते, आणि पेजेने पोट भरते, वजन वाढत नाही. तेव्हा काम स्पष्ट होते. चावता आले पाहिजे.

मापे घेतली, मेणाचा साचा तोंडात घालून पाहिला, ओठ कुठे येतो ते पाहिले, पंधरवड्यात कवळी दिली. शिवरात्र नुकतीच झाली होती. काकींनी आरशात पाहिले आणि त्या पहिले वाक्य बोलल्या ते असे: "आता आरती नीट म्हणूक येतली." गावच्या रामेश्वराच्या देवळात सोमवारी बायका आरतीला बसतात, काकी त्यांत पुढे. दात गेल्यापासून शब्दांतली हवा निसटत होती. मला ते ऐकून बरे वाटले होते. त्या वाक्यात माझ्या पुढच्या तीन महिन्यांचा सगळा त्रास होता, तो मला ऐकू आला नाही.

महिन्याने शेंगदाणे दिले. गाळणीत जे राहिले ते पाहून मी खूश झालो. इतक्या लवकर इतके बारीक मी फार थोड्या लोकांचे पाहिले होते. मग त्यांना खाली काजूच्या व्यापाऱ्याकडे नेले. माझ्याकडे वजनकाटा नव्हता, बी मोजायचा मोठा काटा त्याच्याकडे होता. काकी पोत्यांच्या मध्ये काट्यावर चढल्या.

"साडेपस्तीस," व्यापारी म्हणाला. "काकी, बी सुकली गो तुमची."

वजन उतरले होते.

मी विचारले, काही दुखते का. काकी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "दुखता."

"खंय?"

त्यांनी डाव्या गालावर बोट ठेवले. मी कवळी काढून हिरडी पाहिली. लाल नव्हती. पण रुग्ण दुखते म्हणाला की दुखते, असे आम्हाला शिकवलेले. मी त्या जागी कवळी थोडी घासली. पंधरा दिवसांनी उजव्या बाजूला दुखत होते. तिथे घासली. मग पुढे. मग पुन्हा डावीकडे. कवळी ज्या पदार्थाची असते तो एकदा घासला की परत येत नाही. चौथ्या वेळी मला बोटाला जाणवले की वरची कवळी पूर्वीसारखी धरत नाही. मी स्वतःचे चांगले काम स्वतःच्या हाताने थोडे थोडे बिघडवत होतो, आणि काट्यावर आकडा खालीच जात होता. मे महिन्याच्या सुरुवातीला पस्तीस. सुहासने सांगितले की हर्नियाची गाठ आता खोकल्यावर लिंबाएवढी दिसते. त्या दिवशी काकी खाली उतरल्यावर मी त्यांच्या कार्डावर ते जुने वाक्य लिहिले.

त्याच आठवड्यात त्यांच्या शेजारच्या घरी जावे लागले. अंथरुणाला खिळलेल्या एका गृहस्थांची हलणारी दाढ काढायची होती. काम संपले तेव्हा बारा वाजून गेले होते. वैशाली कुंपणापाशी उभी होती.

"डॉक्टर, जेवल्याशिवाय जाऊ नका. बांगडे आणलेत."

बुधवार होता. पडवीत पाने मांडली. सुहास आणि मी बसलो, काकी भिंतीला टेकून समोर. त्यांच्या ताटात भात, त्यावर माशाची कढी, बाजूला काही नाही. त्या भात बोटांनी मळत होत्या. गाल आत गेलेले. कवळी तोंडात नव्हती. मी इकडेतिकडे पाहिले. माजघरात देव्हाऱ्याच्या बाजूच्या फळीवर, निरंजन आणि उदबत्तीच्या डबीशेजारी, झाकण घातलेली एक पितळी वाटी होती.

"काकी, दात खंय?"

"आसत. खंय जातले?"

"घाला मगे. बांगडो आसा."

"बांगडो आसा म्हणानच काढलंय."

वैशालीच्या हातात भाताचे भांडे होते, ते तिने खाली ठेवले. "बुधवारी, शुक्रवारी, आयतवारी त्या अशाच जेवतात, डॉक्टर. मी सांगून थकले. मला म्हणतात, डॉक्टरांका सांगशीत तर बघ."

"गो, तू वाढ," काकी म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. "आमच्याकडे माशाचो टोप वेगळो आसा. शिवराकाचो वेगळो. तवो वेगळो. डाव वेगळो. सोमवारी माशाची भांडी चुलीकडे पण येत नाय. बरोबर मा?"

"बरोबर."

"मगे ही कवळी काय? माझे दात असते तर चूळ भरलंय आनि सुटलंय. पण ही काय माझी न्हय. तुमी केलास. ही भांडा. भांड्याक एकदा मासो लागलो की लागलो. राखाडीन घासा, साबणान घासा, माशाचो टोप तो माशाचोच रवता. ती तोंडात घेवन मी सोमवारी देवासमोर बसतलंय? वरसून आरती, आनि आत बांगडो?"

मी हसलो नाही. हसण्यासारखे काही नव्हते. त्यांच्या घरात जो नियम टोपाला होता तो त्यांनी कवळीला लावला होता. त्यात एकही चूक मला काढता आली नाही. बिनदातांनी बांगडा चावता येत नाही, म्हणून मासा सोडला. कवळी शिवराक, म्हणजे शाकाहारी राहिली, आणि काकी उपाशी.

"माका आधी कित्याक नाय सांगलात?"

"तुमी शिकलेले. तुमका हसू येतला."

"आनि दुखता म्हणालात ता?"

"ता खोटा." काकींनी भाताचा घास तोंडात घातला, गिळला. "तुमी इचारलात, खंय दुखता. मी बोट दाखवलंय. तुमी घासलात."

"चार वेळा?"

"चार वेळा इचारलात."

सुहासने ताट बाजूला सरकवले. "आये, तुझा ऑपरेशन अडकलाहा. गाठ बघ केवढी झाली ती. आनि तू टोप आनि तवो करतंस?"

"मी मरान गेलंय तर देवाच्या दारात जातलंय मा? थंय कसल्या तोंडान जाव?"

बांगडा उत्तम झाला होता, पण मी नुसते त्याचे काटे काढत राहिलो. कार्डावर लिहिलेले ते वाक्य मला आठवत होते.

"काकी," मी शेवटी म्हटले, "टोप दोन आसत, तर कवळी एक कित्याक?"

त्यांनी मान वर केली.

"दोन करूया. एक सोमवारची. एक माशाची."

"तशी करतत?"

"मी अजून केली नाय. पण करूक हरकत काय?"

काकींनी विचार केला. त्यांचा पहिला प्रश्न कामाचा होता. "चुकली तर? सकाळच्या काळोखात माका दिसत नाय."

"रंग वेगळो करूया. माशाची काळपट गुलाबी. सोमवारची आसा ती, फिकी."

"आनि वाटी वेगळी," त्या म्हणाल्या. "आनि माशाची देवाकडे नको. ती रांदपाघरात."

सुहास हसला. "बरा झाला. आता आयेच्या तोंडाक दोन टोप."

घासून बिघडवलेली कवळी मी आतून भरून पुन्हा बसती केली. ती पूर्वीइतकी धरणार नव्हती, पण वरण-भात, केळे, साबुदाणा आणि आरती यांना पुरेशी होती. माझी चूक सोमवारच्या कामी आली. दुसरी नव्याने केली आणि ती करताना घाई होती. तीन आठवड्यांनी पावसाळ्यासाठी होड्या बंद होणार होत्या. मग खाडीतला मासा आणि सुका बाजार, म्हणजे सुकवलेली मासळी. त्यानंतर श्रावण, आणि श्रावणात त्या घरात माशाची सगळी भांडी माळ्यावर जातात. माळ्यावर जाणाऱ्या भांड्यांत आता कवळीही असणार होती. चाळीसचा आकडा गाठायला मध्ये जेमतेम दोन महिने.

एक अडचण मला ठाऊक होती. माशाचा काटा माणूस दातांनी शोधत नाही. जीभ आणि टाळू मिळून शोधतात. किनाऱ्यावरचा माणूस पेडव्यासारखा लहान, काटेरी मासा अख्खा तोंडात टाकतो आणि काटे ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येतात, बोलणे न थांबवता. वरची कवळी घातली की टाळू झाकला जातो. जीभ प्लॅस्टिकवर फिरते आणि तिला काही कळत नाही. म्हणून नुसते चावायला येऊन भागणारे नव्हते. मी एका कागदावर क्रम लिहून दिला. पहिला आठवडा मोरी, म्हणजे लहान शार्क; तिला बारीक काटा नसतो. दुसरा आठवडा सोललेली सुंगटे, म्हणजे कोळंबी, चिरून. मग सुरमईचा तुकडा, मधला काटा काढून. बांगडा सगळ्यात शेवटी, आणि तोही बोटांनी मोकळा करून. पेडवे कधीच नाहीत. पुढे हा कागद मी कितीतरी जणांना दिला. कवळी करायच्या कुठल्याही पुस्तकात तो नाही.

दुसऱ्याच आठवड्यात काकी गाल सुजवून आल्या. कवळीच्या कडेखाली काटा घुसला होता. मी चिमट्याने काढला.

"ह्यो सुंगटाचो काटो?"

काकींनी सुजलेल्या गालावर पदर धरला.

"बांगडो कोणी दिलो?"

"कोणी नाय. वास इलो."

काटा निघाल्यावर त्यांनी तो हातावर घेऊन नीट पाहिला. "इतक्या दिवसांनी गावलो," म्हणाल्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती.

खोकल्यावर गाठ दिसते का, पोट फुगते का, उलटी होते का, हे मी दर खेपेला विचारत होतो. हे काम माझे नव्हते. पण दोन महिने लांबणीवर टाकण्याचा दोष माझ्या घासण्याचा होता आणि त्या काळात आतडे अडकले असते तर कार्डावर काय लिहिले असते हे मला माहीत आहे. जूनमध्ये छत्तीस. होड्या बंद झाल्यावर वैशालीने सुके सुंगट भाजून, कुटून भातात घातले, अंडी दिली. अंडे कुठल्या कवळीने खायचे यावर घरात दोन दिवस चर्चा झाली, काळपट ठरली. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी साडेअडतीस. श्रावणभर फिकी. आम्ही तेव्हा कुळीथ, चवळी, वाल असे सगळे मऊ शिजवून घेतले. आकडा वाढला नाही, पण उतरलाही नाही. गणपती गेले आणि गौरीनंतर त्या घरात मासा परत आला. महिन्याभराने पुन्हा वजन केले. काजूच्या हंगामाबाहेर काटा धूळ खात होता, व्यापाऱ्याने फडक्याने पुसून काकींना वर चढवले.

"चाळीस आनि वर थोडा," तो म्हणाला. "काकी, आता बी भरली."

सर्जनांनी ऑपरेशन केले. आत नेण्याआधी नर्सने कवळी काढायला सांगितली. काकींनी ती काढून सुहासच्या हातात दिली आणि बजावले की ही रांदपाघरातली आहे, पिशवीत प्रसादाच्या पुडीला लागता नये. शुक्रवार होता. गाठ गेली. दहाव्या दिवशी त्या घरी आल्या.

त्यांच्या कार्डावरचे ते वाक्य मी खोडले. बाकीच्या कार्डांवरची खोडली नाहीत, कारण त्यांत कुठली खरी आणि कुठली खोटी हे आता कळायला मार्ग नव्हता. नव्या कार्डांवर मात्र एक रकाना वाढवला: कुठल्या वारी काय जेवता. त्या रकान्याने मला बरेच काही कळले. एका शिक्षकांना कवळी घालून चहा गरम लागत नसे, म्हणून ते चहाबरोबरचे सगळे खाणे काढून ठेवत. एक बाई सासरी जेवताना घालत, माहेरी काढत. पुढच्या वर्षांत आणखी तिघींनी दोन कवळ्या मागितल्या. तिघी काकींच्या आरतीतल्या होत्या.

तातूंचे कार्ड मी काढून पाहिले तेव्हा त्यावर जन्मवर्ष होते, माप होते, दातांची छटा होती. काय जेवत, हे नव्हते. बोटीवर माणसांना वर्षानुवर्षे रांधून घातलेला माणूस. शिरोड्याला मित्राला फोन केला. तातू जाऊन बरीच वर्षे झाली होती.

भामाकाकींना ऑपरेशन होऊन सात वर्षे झाली. मागच्या मे महिन्यात दवाखाना बंद करण्याच्या आठवड्यात त्या आल्या. दोन्ही वाट्या पिशवीत. जिना चढताना त्यांना दोनदा थांबावे लागले. मी तोंड पाहिले. दात गेले की त्यांच्याखालचे हाड हळूहळू झिजते, कवळीच्या दाबाने आणखी झिजते. खालच्या जबड्यात जिथे कवळी बसायची तिथे उंचवटाच उरला नव्हता. सपाट जमीन. दोन्ही कवळ्या ठेवल्या तर ठेवल्या, बोटाने हलवल्या की फिरत होत्या. नवीन केली तरी ती कशाला धरणार? हाडात स्क्रू बसवून दात करतात, त्याला त्या नाही म्हणाल्या. मीही आग्रह केला नाही.

"काकी, आता माझ्याकडे करूक काय नाय," मी सांगितले. एकतीस वर्षांत हे वाक्य शेवटी पुष्कळांना सांगावे लागले आहे. ते सोपे होत नाही.

"ता माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "तुमी जातास म्हणान भेटाक इलंय."

मी त्यांना खाली घेऊन गेलो. व्यापाऱ्याने पोती बाजूला केली. काकी काट्यावर चढल्या. मी तेहतीस-चौतीसची तयारी ठेवली होती.

"साडेचाळीस," व्यापारी म्हणाला.

मी पुन्हा बघायला सांगितले. त्याने काटा शून्यावर आणून पुन्हा चढवले. साडेचाळीस.

"काकी, जेवतास काय आनि कशा?"

"वैशाली बांगड्याचे काटे काढता. आधी बोटान, मगे पाट्यावर दोन फेरे. भातात मळून गोळे करता. मी गिळतंय."

हे सात वर्षांपूर्वीही करता आले असते. चार वेळा घासणे, दोन कवळ्या, माशांचा तो क्रम, यातले काही लागले नसते. मी ते बोलून दाखवले.

"तेवा मी दुसऱ्यान काटो काढलेला खाल्लंय असतंय?" काकींनी मला विचारले. "सत्तर वर्सां माझो काटो मी काढलंय. ती सात वर्सां तुमी दिलास ती मी घेतलंय. आता व्हया तो काढूंदे."

"आनि वार?"

"वार कसले? तोंडात आता माझ्याशिवाय कोण आसा? चूळ भरलंय की सुटलंय. आता माका सगळे वार सारखेच."

काळपट कवळीची वाटी त्यांनी बी मोजायच्या टेबलावर ठेवली. ती मला ठेवायला सांगितली. फिकी मात्र पदराने पुसून तोंडात घातली, दोन्ही अंगठ्यांनी वर दाबली आणि ओठ मिटून पाहिले. ती धरत नव्हती. तरी त्यांनी ती जिभेने सांभाळली. सोमवार होता, आणि सव्वाचारच्या एसटीने गेले तर आरतीच्या आधी देवळाच्या फाट्यावर उतरता येत होते.